चार वाजून बारा मिनिटांनी चॅनेलवर कोण होतं?

आधीच सांगतो, अंगारे-धुपारे, भूत-बित मी मानत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, तोही इंजिनिअर. समोर रीडिंग असेल तेवढंच खरं, असं समजणारा माणूस. आणि ही गोष्ट रीडिंगचीच आहे...

एम.ई.चा माझा प्रोजेक्ट होता. लालबागची आमची चाळ, परळच्या दोन इमारती आणि दादरचं आमचं कॉलेज – चार गच्च्यांवर छोटे रेडिओ बसवले होते. रेडिओलहरींमधलं मोकळं चॅनेल शोधायचं आणि गच्ची-गच्चीवरून डेटा पुढे पाठवायचा. नियम एकच – चॅनेलचा हक्काचा मालक बोलू लागला की आपण लगेच जागा सोडायची आणि डेटा दुसऱ्या वाटेने न्यायचा.

टेस्टसाठी मी मालक धरला होता आमच्या गणपती मंडळाच्या वायरलेस सेटना. त्यातला एक सेट बाबांकडे असायचा. मिल बंद पडल्यावर वॉचमनकी करून त्यांनी मला शिकवलं, आणि गणपतीत गर्दी सांभाळायला हाच सेट घेऊन उभे राहायचे. एरवीही रोज दुपारी चालू करून बोलायचे – "हॅलो, हॅलो, कोण आसा काय?"

शेवटच्या आठवड्यात मला मालक गप्प असतानाची रीडिंग हवी होती, म्हणून मी वैतागलो. "बाबा, तुम्ही बोललात की माझी रीडिंग बिघडतात. आठ दिवस गप्प बसा ना!"

"मेल्या, सेट तपासूचो नाय? गणपतीत मगे बोंबलत फिरू?" म्हणाले. मग स्वतःच बॅटरी काढून माझ्या हातात दिली. "घे. तुझा शिक्षण पयला."

बॅटरी मी बॅगेत टाकली. सेट कपाटात गेला.

त्या बुधवारी आई गावाला होती. मी लॅबमध्ये. चार वाजून बारा मिनिटांनी स्क्रीनवर आमच्या चाळीचा ठिपका लाल झाला – मालक बोलतोय. मग परळचा पहिला. मग दुसरा. शेवटी आमच्या डोक्यावरच्या गच्चीचा. वास्तविक त्या सेटचा आवाज लालबागच्या पुढे धड जात नाही.

मित्र निलेश हसला, "तुझा म्हातारा ऐकत नाय रे!"

मीही चिडून म्हणालो, "घरी गेल्यावर बघतो त्यांच्याकडे."

बॅटरी माझ्याच बॅगेत आहे, हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. फोनही केला नाही. अकरा मिनिटं ठिपके लाल होते. मग एकदम सगळे हिरवे...

सहाला शेजारच्या सुर्वेकाकींचा फोन आला. बाबा कपाटापाशी पडलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, हार्ट ॲटॅक, चारच्या सुमाराला.

बाराव्यानंतर मी सगळं तपासलं. मंडळाचे बाकीचे सेट ऑफिसात कुलपात होते. रेडिओत बिघाड नव्हता. सर म्हणाले, "फॉल्टी रीडिंग आहे, काढून टाक." नाही काढलं. थिसिसमध्ये ती अकरा मिनिटं तशीच आहेत, कारणाचा रकाना रिकामा ठेवून.

माझं सॉफ्टवेअर कुणीतरी बोलतंय एवढंच ओळखतं. काय बोलतंय, ते त्याला कळत नाही. मीच तसं लिहिलं होतं.

इथे कुणी रेडिओतले जाणकार असतील तर सांगा. मला अजून उत्तर मिळालेलं नाही.