खर्जाचा पाया

श्री. पांतेलेय द्राग्नेव. वय चौसष्ट, बांधा मध्यम, आवाज द्वितीय खर्ज. नगरपालिकेच्या छोटेखानी गायकवृंदाचे ज्येष्ठ सभासद. सदर व्यक्ती ही प्रांताच्या सांगीतिक जीवनाचा भक्कम पाया असून तिच्या अभावी वरील सर्व स्वरांची पडझड संभवते.

वृंदाच्या महोत्सवी स्मरणिकेत असं छापलं होतं. सांस्कृतिक खात्याचा कारकून रजेवर असल्यामुळे मजकूर पूल आणि रस्ते खात्यानं लिहिला होता. पांतेलेयनं ते पान कापून स्वयंपाकघरात लावलं होतं, आणि गेली दोन वर्षं त्याच्याकडे पाठ करून जेवत होता.

आमच्या दान्यूबकाठच्या जिल्ह्यात गायकवृंदाशिवाय काहीही सुरू होत नाही. बसथांब्यावर नवीन छप्पर चढलं, वृंद गातो. मिरच्यांच्या कारखान्यात नवं झाकणयंत्र आलं, वृंद गातो. सांडपाण्याच्या केंद्राच्या उद्घाटनाला मंडळींनी नाकाला रुमाल बांधून स्तोत्र म्हटलं, आणि महापौरांनी आवाजातल्या मार्दवाचं खास कौतुक केलं.

पांतेलेयचं दुखणं असं, की दोन वर्षांपूर्वी छातीत कफ झाला, कफ गेला आणि जाताना खालचा सूर घेऊन गेला. पुढच्याच सरावाला त्यानं तोंड उघडलं. आतून काहीही आलं नाही. सूर मात्र सभागृहात होता. जाड, संथ, पायाखालची फळी थरथरवणारा. शेजारचे चौघे धरताहेत, पांतेलेयनं ओळखलं.

लांब सुराचा एक नियम असतो. सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारी श्वास घेतो तेव्हा आपण सूर धरायचा, आपण घेतो तेव्हा शेजाऱ्यानं. त्यामुळे सूर तुटत नाही, आणि मध्येच कोण गप्प आहे हे कुणाला कळत नाही. वृंद चालवणाऱ्या वाक्लिनोवाबाई याला परस्परविश्वास म्हणत. पांतेलेयनं त्या दिवशी जो श्वास घेतला तो अजून चालूच होता.

"मग सोडून दे," त्याची बायको दाफिना बाल्कनीत मिरच्या भाजताना म्हणाली.

"सोडून काय करू?"

"ते मला नको विचारू. पण मंगळवार-गुरुवार तू घरात नसतोस, तेवढंच मी रेडिओ ऐकते. सोडणार असशील तर आधी सांग."

सोडणं त्याला शक्य नव्हतं. वृंदाबाहेर तो लोणच्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक माणूस होता, आणि तसे आमच्या गावात प्रत्येक बाकावर दोन बसलेले असतात.

सप्टेंबरात राजधानीतून परीक्षक येणार असं कळलं. प्रांताचा वृंद म्हणून आम्हाला ठेवायचं की नाही, ते ऐकून ठरवणार होते. वाक्लिनोवाबाईंनी सरावात बजावलं, "सगळं खर्जावर उभं आहे. त्या दिवशी ज्याचा सूर लागणार नाही, त्याची खुर्ची मी स्वतः उचलून बाहेर ठेवीन."

पांतेलेयला रात्रभर ती खुर्ची दिसत राहिली. बाई ती एका हातानं उचलत होत्या.

महापौरही मागे राहिले नाहीत. पाहुण्यांना त्रास नको म्हणून त्यांनी सभागृहामागचा विजेचा जुना, सदा घुमणारा ट्रान्सफॉर्मर त्याच सकाळी काढून नवा, बिनआवाजाचा बसवायला सांगितलं. काम वेळेत होईल असं कुणाला वाटलं नव्हतं, आणि तसं ते झालंही नाही. परीक्षक येऊन बसले तेव्हा वीज नव्हती. उकडत होतं, म्हणून खिडक्या उघडल्या.

बाईंनी हात उचलला. वरचे स्वर निघाले, मधले निघाले, आणि त्यांच्याखाली काहीच नव्हतं. बायका खाली कुणीतरी असेल या समजुतीनं अर्धा स्वर उतरल्या, तिथंही कुणी नव्हतं, तशा आणखी उतरल्या.

बाईंनी खर्जाच्या ओळीकडे पाहिलं. पाच तोंडं अगदी नियमाप्रमाणे उघडी होती.

पांतेलेयनं ओठ न हलवता शेजारच्या डॉ. गाव्रिलना, म्हणजे गुरांच्या निवृत्त डॉक्टरांना विचारलं, "तुम्ही का गात नाही?"

"मी? माझी कवळी बसल्यापासून मी तुमच्याच भरवशावर आहे."

"आणि तो पलीकडचा?"

"त्याला तर आधीपासूनच ऐकू येत नाही. मला वाटायचं, गात तरी असेल."

दोन वर्षं कोण गात होतं, ते पांतेलेयला त्या क्षणी समजलं. बाहेरच्या कार्यक्रमांना बिअरच्या फ्रिजची गाडी नेहमी शेजारी का लागे आणि तिथं वृंद इतका का रंगे, तेही समजलं. त्यानं तोंड मिटलं, ओळ सोडली आणि मागच्या दारानं अंगणात गेला. आपली खुर्ची गेली हे त्यानं चालता चालताच गृहीत धरलं होतं. बाकीच्यांच्या तरी राहाव्यात.

अंगणात जुना ट्रान्सफॉर्मर ट्रकवर चढला होता. त्याला टेकून बिसेर नावाचा वायरमन बानित्सा, म्हणजे चीज भरलेली खारी, खात होता.

"मिस्त्री, हा परत चालू होईल?"

"आता हा भंगार आहे, आजोबा. आत कोण कोकलतंय?"

"आमचा वृंद. खर्ज गेलाय. तुमचा ट्रक चालू करा."

"कशाला?"

"करा हो. मग सांगतो."

बिसेरनं बानित्सा दातात धरून चावी फिरवली. पांतेलेय खिडकीखाली उभा राहिला, कान आत आणि हात ट्रककडे. "थोडं वर. आणखी. फार झालं, पाय उचला जरा. हं, इथंच. इथंच धरा."

बिसेरनं धरलं. आतल्या बायकांना पायरी सापडली आणि त्या एकेक वर चढल्या. शेवटचा लांब सूर तर ट्रकनं असा धरला, की त्याला मध्ये श्वास घ्यावा लागला नाही, ही गोष्ट फक्त वाक्लिनोवाबाईंच्या लक्षात आली.

परीक्षकांपैकी थोरल्या बाईंनी डोळे पुसले. धूर आत येत होता, पण त्यांनी अहवालात लिहिलं, की असा खर्ज त्यांनी या देशात ऐकला नव्हता आणि तो भूमीतूनच येतो असं वाटत होतं. वृंद राहिला.

संध्याकाळी वाक्लिनोवाबाई अंगणात आल्या. पांतेलेय त्यांच्या हातात खुर्ची आहे का ते पाहत होता. नव्हती.

"एकूण किती जण गात नाहीत?" त्यांनी विचारलं.

"पाचही."

बाईंनी ट्रकच्या चाकाकडे पाहिलं. "परीक्षकांना आता दर वर्षी तोच खर्ज हवाय. त्या पाचांत सूर कळणारा निदान एक निघाला म्हणायचा. गुरुवारी वेळेवर या. खिडकीपाशी उभे राहा."

आता दर मंगळवारी आणि गुरुवारी दाफिना रेडिओ ऐकते. पांतेलेय काळा कोट घालून सभागृहात जातो, खिडकीपाशी उभा राहतो, बाहेर बिसेरला हातानं खुणा करतो, आणि गात नाही.