कपाळावर अडकलेला गळपट्टा

लोकरीच्या पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास आला, की दुष्काळातली ती सकाळ आठवते. मोठ्या जाऊबाई ऊसतोडीला निघाल्या होत्या. वेशीत ट्रक हॉर्न वाजवत होता, आणि महिला सहकारी संस्थेत विणायला शिकलेला, डोक्यातून घालायचा दोन रंगांचा बंद गळपट्टा मी त्यांच्यासाठी गोल सुईवर कसाबसा संपवत होते. घाईत विणीच्या मागून नेलेला दुसऱ्या रंगाचा धागा जास्त ओढला गेला, वीण आवळली आणि गळपट्टा त्यांच्या कपाळावरच अडकला.

“कावून एवढं वढलंस गं? माझं डोस्कं काय लिंबू हाय?”

“थांबा, उसवते.”

“ऱ्हाऊ दे. ट्रक थांबतो व्हय?”

उसाच्या फडातल्या थंडीत त्यांचा गळा उघडाच, या विचाराने हिवाळाभर माझं मन थाऱ्यावर नव्हतं. हंगाम संपून त्या परतल्या, तेव्हाही गळपट्टा कपाळावरच होता. उसाच्या मोळ्या वाहताना डोक्यावरची कापडाची चुंबळ त्यात घट्ट बसायची म्हणे. मी थंडीचीच काळजी करत बसले होते. ओझं माझ्या मनातही आलं नव्हतं.