अक्काला दत्ता दाखवायला चिटगुप्प्याला

बसवकल्याणकडे कधी जावं, कुठं उतरावं, असं विचारणारी पत्रं या ब्लॉगवर अधूनमधून येतात, कारण मी त्या भागातली आहे हे एकदा लिहून बसले होते. मागच्या महिन्यात जाऊन आले. फिरायला नव्हे. पण रस्ता तोच आहे, तेव्हा ज्यांना उपयोग होईल त्यांना होवो.

जायचं ठरलं ते दत्ताच्या फोनमुळे. दत्ता माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा. त्या फोनच्या चार महिने आधी मस्कतला पाइपलाइनच्या कामावर गेला, दोन वर्षांच्या करारावर. एका सोमवारी दुपारी ऑफिसात असतानाच त्याचा फोन आला.

"मावशी, शनिवारी आम्हाला आतल्या साइटवर धाडायलेत. वाळवंटात. तिथं नेट न्हाई. फोनबी फोरमनचा, तोबी लागला तर. शुक्रवारी सुट्टी हाय, तेवढ्यात एकदा आईला बघू दे की."

आता हे का एवढं, ते सांगते. माझ्या बहिणीला, आम्ही तिला अक्का म्हणतो, जन्मापासून ऐकू येत नाही आणि बोलता येत नाही. आमच्या मंठाळ गावातल्या कितीतरी घरांतली पोरं दुबईला, पुण्याला, हैदराबादला आहेत आणि त्यांच्या आया रोज संध्याकाळी मोबाइल कानाला लावून बसतात. अक्काच्या हातात तो मोबाइल दिला तर ती त्याच्याकडे पाहते आणि परत देते. चार महिन्यांत तिच्यापर्यंत मुलाचं काहीही पोचलं नव्हतं. ती दत्ताशी हातांनी बोलते, त्यामुळे दत्ता तिला दिसायलाच हवा.

आणि मी पुण्यात नोकरी काय करते, तर लोकांचे लॅपटॉप नेटला जोडून देते. फोनवरून. "वायरलेस सारखं तुटतंय" म्हणणाऱ्या अनोळखी माणसांना दिवसाला तीस वेळा तेच ते प्रश्न विचारते. दत्ताला म्हटलं, शुक्रवारी साडेबाराला तयार राहा. तुझ्याकडे तेव्हा अकरा वाजलेले असतील.

बुधवारी सकाळी हायवेवरच्या सस्तापूर बंगला या थांब्यावर उतरले. पुण्याहून हैदराबादला जाणारी कुठलीही बस इथं थांबते, फक्त उमरगा गेल्यावर कंडक्टरला आठवण करून द्या, नाहीतर थेट हुमनाबादला जाल. बंगल्यावरून बसवकल्याणला टमटम मिळते. किल्ला पाहायचा असेल तर सकाळीच पाहून घ्या, दुपारी दगड तापतात. मी किल्ल्याकडे वळले नाही. गावातल्या एकुलत्या एका बऱ्या नेट कॅफेत गेले, तर शटर अर्धं खाली. रस्ता रुंद करताना केबल तुटली होती. आतून आवाज आला, "पुढल्या आठवड्यात या."

तरी मला काळजी वाटली नाही. बॅगेत डोंगल होतं.

मंठाळची बस पाऊण तासानं आली. घरी माय, म्हणजे माझी आई, दारातच होती. अक्का आत लोकर कातत बसली होती. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. आता दोन एकर आहे आणि मजुरी, पण अक्काच्या हातातली चाती काही सुटली नाही. मी समोर बसले, भुवईवर बोट टेकवलं. दत्ताच्या भुवईवर लहानपणी पडलेली खूण आहे, म्हणून तेच त्याचं नाव. मग लॅपटॉप उघडून पडद्यावर बोट ठेवलं. यात. परवा.

अक्कानं पडद्याच्या मागं हात घालून पाहिलं. मग इतकी हसली, की माय म्हणाली, "चार महिन्यांत आज हसली बघ ही."

गुरुवार डोंगल घेऊन फिरण्यात गेला. घरात सिग्नलची एकच काडी. माळवदावर दोन. वरच्या देवळाच्या पायरीवर तीन. तिथं बसून पाहिलं, तर एक साधं पान उघडायला चार मिनिटं. त्यावर चालतं चित्र कुठून येणार? पुढं अक्काच्या शेजारी बसून अंबाडीची भाजी आणि भाकरी खाल्ली, पण लक्ष जेवणात नव्हतं. मग चिटगुप्प्याची माझी मैत्रीण आठवली. तिचा नवरा शिवराज तिथं कॉम्प्युटर क्लास चालवतो, ब्रॉडबँड आहे, वायरलेस राऊटर आहे. फोन केला.

"या की," शिवराजअण्णा म्हणाले. "घरचंच हाय. अक्काला घेऊन या."

शुक्रवारी सकाळी सातला निघालो. मंठाळ ते बसवकल्याण, तिथून हुमनाबाद, तिथून चिटगुप्पा, तीन गाड्या बदलून. हुमनाबादच्या स्टँडबाहेर सुसला आणि मिरचीची भजी खाल्ली. चुरमुऱ्यांचा हा ओला, तिखट प्रकार कुठंही मिळतो, पण इथल्यासारखा नाही. अक्कानं लग्नकार्यासाठी ठेवलेलं हिरवं पातळ नेसलं होतं. बसमध्ये शेजारच्या बाईनं तिला विचारलं, "कुठं चाललाव अक्का?" तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हातांनी प्रश्न सांगितला. अक्कानं भुवईवर बोट टेकवलं आणि दोन बोटं डोळ्यांवर ठेवली: दत्ताला पाहायला. त्या बाईला काही कळलं नाही, पण तीही हसली.

साडेअकराला क्लासात पोचलो. लॅपटॉप लावला, राऊटर शेजारच्या खोलीत, सिग्नल पूर्ण. शिवराजअण्णांनी बीदरच्या एका मित्राला व्हिडिओ कॉल लावून दिला. दहा मिनिटं तो माणूस हलत होता, बोलत होता, एकदाही अडकला नाही. अक्का टक लावून त्याच्याकडे पाहत होती. मी निश्चिंत झाले. बारा वाजता वीज गेली.

"लोडशेडिंग. तीनपर्यंत येत न्हाई आता," शिवराजअण्णा म्हणाले. "पण काळजी नको. राऊटर इन्व्हर्टरवर हाय. राऊटर आन् एक पंखा, तेवढंच वढतंय ते." क्लासातले बाकी कॉम्प्युटर बंद पडले. माझा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. नव्वद टक्के. दोन तास सहज.

साडेबाराला दत्ता आला.

दिसला. निळा शर्ट, केस बारीक कापलेले, जरा काळवंडलेला. मागं नेट कॅफेतली दुसरी माणसं रांगेत उभी. अक्काच्या तोंडातून तिला स्वतःला कधी ऐकू न आलेला तो आवाज आला आणि तिनं पडद्यावर त्याच्या गालाला हात लावला. दत्ता रडायला लागला, मग हसला. अक्कानं विचारलं, म्हणजे हनुवटी वर केली आणि दोन्ही हात उघडले: कसा आहेस?

आमच्या घरच्या खुणांत "बरा आहे" असं सांगायचं तर आधी पोटावर मूठ ठेवायची, मग ती मूठ उघडून हात पुढं करायचा. पोट भरतंय, हात मोकळे आहेत. आणि मूठ पोटावर तशीच दाबून धरली, उघडली नाही, तर त्याचा अर्थ पोटात दुखतंय.

दत्तानं पोटावर मूठ ठेवली आणि चित्र थांबलं.

चेहरा अर्धा चौकोनाचौकोनांत फुटलेला, एक डोळा मिटलेला, तोंड वाकडं, आणि पोटावर मूठ. जवळजवळ मिनिटभर तो तसाच राहिला. अक्काचा हात गालावरून खाली आला. मग पडद्यावर ओळ उमटली, की वेळ संपल्यामुळं जोडणी तुटली आहे, आणि दत्ता गेला.

पुढच्या दीड तासात मी काय काय केलं ते लिहून ठेवते, कारण असल्याच गोष्टी शोधत कुणीतरी इथं येईल. वायरलेस बंद करून चालू केलं. जोडलं, दोन मिनिटांत तुटलं. राऊटर बंद करून मिनिटभरानं चालू केला. राऊटरचा चॅनेल बदलला, एकावरून सहा, सहावरून अकरा. नेटवर्क विसरायला लावून पासवर्ड परत घातला. राऊटरकडून नवा आयपी पत्ता मागितला. ड्रायव्हर काढून परत टाकला. लॅपटॉप उचलून राऊटरला टेकवून ठेवला. कमांड लिहायच्या काळ्या खिडकीतून राऊटरला पिंग करत, म्हणजे हाका मारत राहिले: उत्तर, उत्तर, उत्तर, टाइम्ड आउट, टाइम्ड आउट. केबल लावायची सोय नव्हती. लॅपटॉपच्या लॅन पोर्टची पिन वर्षभरापूर्वी वाकली होती आणि मी ती दुरुस्त करून घेतली नव्हती, कारण लागतेय कधी.

दुसऱ्यांदा कॉल लागला तेव्हा चित्र आलंच नाही. फक्त आवाज आला, अगदी स्वच्छ.

"मावशी? दिसायलो का मी? आई हाय का तिथं?"

"आवाज यायलाय रे, तू दिसंना. थांब जरा!"

अक्का काळ्या पडद्याकडे पाहत होती. माझे ओठ हलताना तिनं पाहिले, मग माझा खांदा धरून हलवला. पोटावर मूठ. प्रश्न.

तिसऱ्यांदा घंटा वाजता वाजता तुटलं. चौथ्यांदा घंटासुद्धा नाही. शिवराजअण्णा दारात उभे होते.

"आमचा राऊटरच खराब व्हायलाय वाटतं," ते ओशाळून म्हणाले.

"न्हाई अण्णा, माझंच कायतरी चुकायलंय," मी म्हटलं, पण मनात राऊटरलाच शिव्या देत होते.

सव्वादोनला दत्तानं माझ्या मोबाइलवर फोन केला. "मावशी, कॅम्पची गाडी आली. जावं लागतंय."

"दत्ता, तुझ्या पोटाला काय झालंय का?"

"पोटाला? न्हाई की. मी बरा हाय म्हणून सांगायलो होतो. आईला सांग तेवढं."

मी सांगितलं. लगेच, तिच्यासमोर गुडघ्यावर बसून. भुवई, पोटावर मूठ, मूठ उघडून हात पुढं. तो बरा आहे. अक्कानं मला विचारलं: तू पाहिलंस? डोळ्यांवर दोन बोटं. मी मान हलवली, कानाला हात लावला. ऐकलं. अक्कानं माझ्या कानाकडं पाहिलं. ऐकणं म्हणजे काय हे तिला कधी कुणी समजावू शकलेलं नाही. तिनं स्वतःच्या डोळ्यांवर बोटं ठेवली: मी पाहिलं.

परतीच्या तिन्ही गाड्यांत ती खिडकीला डोकं लावून बसली होती. हुमनाबादला चहा घेतला, तिनं घेतला नाही. घरी गेल्यावर तिनं मायला सगळं सांगितलं, हात भराभर चालवत, आणि शेवटी मूठ इतक्या जोरात पोटावर मारली की माय ओरडली, "आगं, लागंल की!" मग मी मायला खरं काय ते सांगितलं, मायनं अक्काला सांगितलं. अक्का आम्हा दोघींकडं पाहत राहिली. आम्ही दोघी मिळून तिच्यापासून काहीतरी लपवतोय असं तिला वाटलं. ते मला दिसत होतं, आणि त्यावर माझ्याकडं उपाय नव्हता. शनिवारी मी दत्ताचा नंबर दिवसभर लावला. लागला नाही.

रविवारी संध्याकाळी पुण्याला पोचले. सोमवारी ऑफिसला गेले नाही. लॅपटॉप टेबलावर ठेवला, चार्जरची वायर काढली आणि घरच्या राऊटरला वायरलेसनं जोडला. तीन मिनिटांत तुटला. चार्जर लावला. दोन तास चालला. मग विजेच्या सेटिंगमध्ये गेले. तिथं वायरलेस कार्डाच्या बचतीच्या दोन ओळी असतात, एक वीज जोडलेली असतानाची, एक बॅटरीवरची. पहिली मी कधीच बदलून ठेवली होती. दुसरीवर लिहिलं होतं, जास्तीत जास्त बचत. बॅटरी वाचवायला लॅपटॉप कार्डाला झोपवत होता. ही ओळ बदलायला मी रोज लोकांना सांगते. "बॅटरीवर असताना तुटतंय का?" हा माझा तिसरा किंवा चौथा प्रश्न असतो. त्या दीड तासात तो मला स्वतःला विचारता आला नाही.

म्हणून, ज्यांचं तुटत असेल त्यांनी आधी ते पाहा. आणि चिटगुप्प्याला जाणार असाल तर बारा ते तीनची वीज धरू नका.

आता जोडणी उत्तम चालते. पण दत्ताकडं नेट नाही. दोन आठवड्यांनी त्यानं एका सुट्टीवर येणाऱ्या माणसाबरोबर फोटो पाठवला. तो मी मंठाळला धाडला. फोटोत तो हसतोय, हात बाजूला. माय म्हणाली, अक्कानं फोटोतल्या शर्टावर, पोटाच्या जागी, नखानं उचकटून पाहिलं. ताट अर्धं तसंच ठेवून उठते म्हणे रोज.

काल दुपारी मायला फोन केला.

"आजबी विचारलं तिनं," माय म्हणाली.

"मग तू काय सांगितलंस?"

"बरा हाय म्हणून सांगितलं. मूठ ठिवली, हात उघडला."

"मग?"

"मग काय. माझा हात धरला तिनं. बोटं मिटवली आन् मूठ करून परत पोटावर ठिवली."

मग मायनंच विचारलं, "कवा येतंय गं ते पोरगं?"

अजून एकोणीस महिने आहेत.