उभ्या गाडीचं जड हँडल

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. बोटाला अजून पूजेचं कुंकू आहे, ते मोबाइलच्या काचेवर लागतंय, तरी लिहितेय. नंतर लिहिलं तर मी ते शहाण्यासारखं लिहीन आणि सगळी मजा जाईल.

तर माझा मामा. इंदुरी गावचा. शेती करतो आणि कंपनीत शिफ्टही करतो. दोन वर्षांपूर्वी खंडाळ्याच्या घाटात मोटारसायकलवरून पडला, उजव्या खांद्यात प्लेट बसली. तेव्हापासून मोटारसायकल बंद. डॉक्टरांनी नाही केली बंद, मामीनं केली. मग मामा पिशवी डाव्या हातानं उचलायला लागला, कडी डाव्या हातानं काढायला लागला, आणि कुणी बघितलं तर म्हणायचा, सवय लागली.

आणि काल हा माणूस थेट तीन चाकांची मोटारसायकल घेऊन आला. रिक्षा नाही हां. पुढे दोन जाडजूड चाकं, मागे एक, आणि मध्ये घोड्यावर बसल्यासारखं बसायचं. मळवलीतल्या एका बंगल्याचे मालक परदेशी निघालेत, त्यांची आहे. ते म्हणाले, आधी चालवून बघा, जमली तर ठेवा. बंगल्यावरच्या ड्रायव्हरनं ती टेम्पोतून आणून अंगणात उतरवून दिली. तोल सांभाळायचा नाही, पाय टेकवायचा नाही, आणि वर पॉवर स्टिअरिंग. म्हणजे हँडल वळवताना आतली मोटर मदत करते, खांद्यावर जोर येत नाही. मामा त्यावरच तर भाळला.

मामीनं एकच अट घातली. "अंगणातनं तुमची तुमी वळवून रस्त्याला काढा. कुणी हात लावायचा न्हाई. जमलं तर ऱ्हाऊ द्या. न्हाई जमलं तर मळवलीला परत, आन् पुन्यांदा माझ्याम्होरं गाडीचं नाव काढायचं न्हाई."

अंगण केवढं, तर गाडीचं तोंड गोठ्याच्या भिंतीला आणि फाटक मागे एका बाजूला. रिव्हर्स घेत हँडल पार कडेपर्यंत वळवल्याशिवाय सुटका नाही.

आज सकाळी पूजा. तीन चाकांना लिंबं किती, यावर आधी चर्चा झाली. शेजारचे आबा म्हणाले दोन, मामी म्हणाली चाक तितं लिंबू, आणि तीन ठेवली. मग एकेक माणूस यायला लागला आणि मामाचं प्रात्यक्षिक सुरू झालं. इंजिन चालू, गाडी उभी, आणि मामा हँडल एका बोटानं डावीकडे, एका बोटानं उजवीकडे.

"हे बगा आबा. जोर लागतोय का? लोणी हाये लोणी."

आबा बघून झाले की आबांचा मुलगा. मग समोरची मावशी. मग मावशी सुनेला बोलवायला गेली. प्रत्येकाला मामानं पहिल्यापासून दाखवलं. पुढची दोन लिंबं गाडी हलायच्या आधीच चाकाखाली रगडून त्यांचं लोणचं झालं. मामीनं नवीन ठेवली.

शेवटी मामी म्हणाली, "झाला का खेळ? काढा आता."

मामानं हँडल वळवायला घेतलं आणि ते अर्ध्यात थांबलं. दोन्ही हातांनी जोर लावला. जरासं सरकलं, बस. मामाचं तोंड उतरलेलं मी बघितलं. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला, डाव्या हातानं उजवा खांदा धरला आणि मला एवढंच म्हणाला, "खांद्यात काय ऱ्हायलं न्हाई आता. मळवलीला फोन लाव."

मामी जिंकली होती, पण तिचं तोंड जिंकल्यासारखं नव्हतं. "चहा टाकते," म्हणाली, आणि टाकायला गेलीच नाही.

मला राहवेना. मी चढले, इंजिन चालू केलं, म्हटलं निदान हँडल सरळ तरी करून ठेवू. मी कॉलेजात कबड्डी खेळते, माझे खांदे ठणठणीत आहेत. हँडल ढिम्म. मग आबांचा मुलगा बसला. तालमीत जातो तो. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, हँडल वीतभर हललं.

"मामा," मी ओरडले, "खांदा तुमचा एकट्याचा गेलाय का सगळ्या आळीचा?"

मामा वळला. पण त्याच्या आधी मामी पोहोचली. पदर खोचून खालीच उभी राहिली आणि दोन्ही हातांनी हँडल ओढून बघितलं. एकदा, दोनदा. मग मामाकडे बघून म्हणाली, "अवो, हे तर मलाबी न्हाई हलत. तुमच्या खांद्याला काय धाड भरली न्हाई."

मग मी इंजिन बंद केलं आणि गाडीच्या मालकांना फोन लावला. ते हसायला लागले. म्हणाले, गाडी उभी असताना हँडल सारखं फिरवलं की त्या मोटरवर सगळ्यात जास्त लोड येतो. जाड टायर जागच्या जागी जमिनीवर घासतात ना. मोटर तापते, मग ती जळू नये म्हणून गाडीच मदत कमी करते. थंड होऊ द्या. आणि वळवताना चाक थोडं तरी फिरतं ठेवा, मग हलकं जातं.

मी हे सगळं मोठ्यानं सांगितलं. मावशी म्हणाली, "म्हंजी आमाला दाखवून दाखवून दमिवली व्हय तिला?"

मग खरंच चहा झाला. गाडी निवेपर्यंत मामा तिच्याभोवती फिरत होता, हात लावत नव्हता. नंतर बसला, रिव्हर्स टाकला, गाडी मुंगीच्या पावलानं मागे सरकायला लागली आणि हँडल वळलं. मऊ. पार कडेपर्यंत. लिंबं फुटली, फाटकाला कुठे ओरखडा नाही, गाडी रस्त्यावर. मामानं तिथूनच उजवा हात वर केला. उजवा. खांद्याच्या वर.

मामी माझ्याशेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "दोन वरसं झाली, तो हात वर बघितला नव्हता मी."

तुमच्याकडे झालंय का असं कधी? हे आता आपल्याच्यानं होत नाही असं कुणी धरून बसलंय, आणि दुसऱ्या कुणी हात लावून बघितल्यावर कळलं की ते सगळ्यांनाच जड जात होतं?