करंगळीनं लिहिणारा

आमच्या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांच्या ग्रुपवर मी पानभर लिहितो आणि मला दोन-तीन अंगठे मिळतात. एक जण मात्र एकच ओळ टाकतो आणि सगळा ग्रुप हसत सुटतो. क्लबच्या नव्या मालकावरचा वाद राजकारणावर घसरला, तेव्हा त्यानं लिहिलं, "सरकार बदललं, खड्डा तोच हाय." माझा नुसता जळफळाट झाला.

परवा पांढरकवड्याजवळ हायवेवर माझी गाडी पंक्चर झाली. पंक्चरवाल्यानं ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधला. बाकीची बोटं सोल्यूशननं माखलेली, म्हणून त्यानं करंगळीनं मोबाइलवर काहीतरी लिहिलं. लगेच माझ्या खिशातला मोबाइल वाजला. ग्रुपवर त्या एका ओळीवाल्याची नवी ओळ आली होती.

"कुठं लिहिता?" मी साळसूदपणे विचारलं.

"फुटबॉलच्या ग्रुपवर. तिथं एक साहेब हायेत, लय लांब लिवते. कोनी वाचत नाई. मी पुरं वाचतो, अन् त्यातलीच एक गोष्ट उचलून टाकून देतो."

खड्ड्याची गोष्ट माझीच होती, चौथ्या परिच्छेदातली. तरी मी नाव सांगितलं नाही.

घरी आल्यावर मीही एकच ओळ लिहिली. एकच अंगठा आला. त्याचा.