झोळीतली चिठ्ठी

"डॉक्टर मुळ्यांना स्ट्रोक आला. आयसीयूत आहेत, बोलता येत नाहीये." पागेकाका उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या माझ्या ऑफिसात खुर्चीत बसता बसता म्हणाले. "मैडम, डायलिसिसचे पैसे तर पडलेच आहेत, पर आता द्यायचे कोणाला?"

मी चार्टर्ड अकाउंटंट. पागेकाका बँकेतून रिटायर झालेले, आता एका लॉजचे खजिनदार. तिथलं ऑडिट बरीच वर्षं माझ्याकडे आहे. यात्रेकरू उतरतात ते लॉज नव्हे. ही बंधुसभा. सभासद एकमेकांना भाऊ म्हणतात, महिन्यातून एकदा दार लावून सभा घेतात आणि मग जेवतात. आत काय चालतं ते बाईमाणसाला कोणी सांगत नाही. हिशेब मात्र मीच बघते. वर्गणी येते, हॉल लग्नांना भाड्यानं जातो त्याचे पैसे येतात. त्यातले काही मुख्य संस्थेला, काही प्रॉपर्टी टॅक्सला आणि बरेचसे जेवणावर जातात. पनीरच्या बिलावरून मी दर वर्षी टोमणा मारते.

मदतीचा पैसा वेगळा. सभा संपताना मखमलीची झोळी फिरते. प्रत्येकानं बंद मूठ आत घालायची. कोणी पाचशे टाकले, कोणी काहीच नाही, शेजाऱ्याला कळत नाही. हा पैसा अडचणीतल्या भावाच्या घरी जातो, तोही गुपचूप. नाव फक्त मदतप्रमुखाला, म्हणजे डॉक्टर मुळ्यांना ठाऊक. पागेकाका बँकेतून रक्कम काढून त्यांच्या हाती देत, ते पाकीट पोचवत. मला मिळायचं फक्त डॉक्टरांचं सहीचं पत्र, 'डायलिसिसची बिलं मी पाहिली आहेत.' नाव मागितलं की ते हसून म्हणायचे, "मैडम, मदत घेतली म्हणून त्यानं मान खाली घालावी का?"

आता त्या हसण्याचा मला संतापच आला. पैसे बँकेत, पेशंट कुठेतरी उज्जैनमध्ये, आणि मधला माणूस आयसीयूत. डॉक्टरांच्या घरी फोन केला. त्यांच्या बायकोलाही काही माहीत नव्हतं. डायलिसिस चुकलं तर काय होतं ते मी माझ्या मामांच्या वेळी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी लॉजचे अध्यक्ष दुबे वकील पागेकाकांबरोबर आले. त्यांच्याकडे सोपा उपाय होता.

"सभा में पूछ लेते हैं। जिसको मिलता है, हाथ उठा दे।"

"नहीं साहब!" पागेकाका एकदम उभे राहिले. "कोई नहीं उठाएगा। मर जाएगा, पर हाथ नहीं उठाएगा।"

त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. काळजीनं माणूस असा होतो, असं मला वाटलं.

"मग झोळीच फिरवा," मी म्हटलं. "सगळ्यांना एकसारखे कागद द्या. ज्याला मदत मिळते त्यानं लिहावं, बाकीच्यांनी कोरा टाकावा. मूठ सगळ्यांचीच बंद."

दुबेजी खूश झाले. "पागेजी गिन लेंगे, हमेशा की तरह।"

"मी नाही," पागेकाका म्हणाले. "मैडम उघडतील. त्या बाहेरच्या आहेत."

त्यासाठी सभा लगेच बोलावली. मी जेवणाच्या हॉलमध्ये एकटीच बसले होते. केटरर पनीर गरम करत होता, मला मात्र एकच धास्ती होती. सगळेच कागद कोरे निघाले तर? दुबेजींनी झोळी आणून माझ्यापुढे ठेवली आणि दार ओढून घेतलं.

एकामागून एक कोरे कागद निघाले. मग एका चिठ्ठीवर चार शब्द दिसले, 'पत्नी. डायलिसिस. दोन चुकली.'

नाव नव्हतं. पण ते तिरकं, बारीक अक्षर मी कित्येक वर्षं व्हाउचरांवर तपासत आले होते. बँकेतून पैसे काढून डॉक्टरांना देणारा माणूस संध्याकाळी तेच पाकीट त्यांच्याकडून परत घेत होता. माझे डोळे भरून आले. चिठ्ठी पर्समध्ये टाकून मी दार उघडलं.

"किसका है?" दुबेजींनी विचारलं.

"आजच नवा मदतप्रमुख नेमा. नाव त्यालाच सांगीन."

तसं झालं. पाकीट दुसऱ्या सकाळी पोचलं.

महिन्याभरानं पागेकाका नेहमीसारखे व्हाउचर घेऊन आले. मी चहा मागवला.

"काही ऑब्जेक्शन, मैडम?" त्यांनी कपाकडे बघत विचारलं.

"पनीर फार झालंय," मी म्हटलं.

ऑडिटच्या पत्रात मी लॉजला एक सूचना लिहिली: मदत घेणाऱ्याचं नाव किमान दोघांना माहीत असावं, कारण एखादा आजारी पडू शकतो. मदत घेणाऱ्याला स्वतःहून सांगता येईलच असं नाही, हे दुसरं कारण मी लिहिलं नाही. ते पत्र पागेकाकांच्याच हातून जाणार होतं.