दुसऱ्या शाईतले नंबर

माझ्या धाकट्या बहिणीचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर ती लावत नसे. आईला उठवून बसवायचं, तोंड धुवायचं, गुडघ्यांना तेल चोळायचं, पाणी भरायचं, दोन वेळचा स्वयंपाक करायचा आणि आठला जिना उतरायचा. आई तिच्याकडेच चौथ्या मजल्यावर राहायची, इमारतीला लिफ्ट नव्हती. आई शेवटची खाली उतरली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. मी दुसऱ्या गावी कारखान्यात लेथवर. सुट्टीला यायचो, जमेल तेवढे पैसे द्यायचो. आईची उस्तवार सगळी बहिणीची.

ती कर्ज देणाऱ्या एका कंपनीत होती. अर्ज आला की हा माणूस फेडेल की बुडवेल, याचे गुण संगणक देतो. ते गुण देणाऱ्या गणिताला तिथे मॉडेल म्हणतात. करणारे वेगळे असतात, तपासणारे वेगळे. बहीण तपासायची. मडकं घेताना माणूस टिचकी मारून बघतो, तसं. ऑफिसात तिला ‘टिचकी’ म्हणायचे. आधी पाठीमागे, मग तोंडावर.

तपासणाऱ्याशी मैत्री कोण करणार? जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलाशी एकच बाई येऊन बसायची, आणि ती स्वतः मॉडेल करणारी. दोघींची ही मैत्री तीन वर्षं चालली.

बहीण नऊ वर्षं कंत्राटावर होती. अकरा महिने झाले की नवा कागद. कायम झाली असती तर पगार दीडपट होणार होता आणि आईसाठी तळमजल्यावरचं घर घेता येणार होतं. दोन खोल्या बघूनही ठेवल्या होत्या. त्या वर्षी साहेब म्हणाले, “नवं मॉडेल चालू होऊ द्या, लगेच तुमचं पत्र काढतो.” मॉडेल त्या मैत्रिणीनं केलेलं. त्यावर सही बहिणीची हवी होती.

मॉडेल तीन वर्षांच्या जुन्या फायलींवरून शिकवलेलं. त्याच तीन वर्षांतल्या काही फायली बाजूला काढून ठेवल्या होत्या, त्यांवर चालवून पाहिलं. उत्तम उतरलं. बहिणीनं पहिल्या तपासणीत पास केलं. पण अंतिम सही करण्याआधी तिनं त्यानंतरच्या वर्षाच्या फायली मागवल्या. कोणी फेडलं, कोणी नाही, हे त्यांचंही आता कळलेलं होतं. तिथे मॉडेल आपटलं. नाणं उडवून सांगितलं असतं तरी जवळपास तेवढंच बरोबर आलं असतं.

“टिचकी, सही कर आणि मोकळी हो,” मैत्रीण जेवताना म्हणाली.

“नव्या वर्षात नापास आहे ते.”

“नापास नाही, जरा कमी पडलंय. काळ बदलतो गं. माणसं बदलतात.”

“एका वर्षात सगळी?”

“तू सासू व्हायला हवी होतीस. सुनेच्या भाजीतलं मीठ मोजलं असतंस.”

“त्याला आधी लग्न लागतं,” बहीण म्हणाली. दोघी हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून बहीणच जेवायला टेबलाशी आली नाही. फायलींचे मूळ कागद तळघरात होते. जेवणाची सुट्टी आणि संध्याकाळचा एक तास ती तिथे उभी राहायची. बसायला जागा नव्हती. शिडीवर चढून गठ्ठा काढायचा, सोडायचा, बघायचा, परत बांधून जागेवर ठेवायचा. अकरा दिवसांत दोनशे बारा फायली. बसून केलेल्या कामाला मी आधी काम म्हणत नसे. हे ऐकल्यावर म्हणायला लागलो.

दोष एका रकान्यात होता. अर्जदाराचे फोन नंबर किती, हा तो रकाना. मॉडेलचं म्हणणं, नंबर जास्त तो माणूस बुडवणारा. चौऱ्याण्णव फॉर्मांवर एकाहून जास्त नंबर होते. त्यातल्या एक्याण्णवांवर जादा नंबर दुसऱ्या शाईत होते, दुसऱ्या हातचे. अर्जदारानं ते लिहिलेच नव्हते. हप्ता चुकला आणि फोन उचलेना, की वसुलीवाला मेहुण्याचा, शेजाऱ्याचा, दुकानदाराचा नंबर मिळवून त्याच फॉर्मवर लिहायचा. संगणकात तेही चढले. माणूस आधी बुडाला, नंबर मागून आले. कपाळावरची ओली पट्टी बघून हिला ताप येणार म्हणायचं, तशातली गत.

बाजूला काढलेल्या फायली त्याच कपाटातल्या, त्यांवरही तेच नंबर. म्हणून तिथे पास. नव्या वर्षापासून मात्र अर्जाच्या दिवशीचीच प्रत जपून ठेवत होते. त्यावर ज्याचा त्याचा एकच नंबर. तिथे मॉडेलला काही दिसेना.

बहिणीनं साहेबांच्या आधी मैत्रिणीला सांगितलं.

मैत्रीण म्हणाली, “अहवालात लिहिणार?”

“लिहावं लागेल.”

“दोन वर्षं घातली मी त्यात.”

“माहीत आहे मला.”

“आणि तुझं पत्र? आईचं घर?”

मैत्रिणीनं अर्धा डबा तसाच बंद केला आणि उठली.

अहवाल दीड पानाचा झाला. त्यात एक वाक्य होतं, ‘पहिल्या तपासणीत हा दोष माझ्या नजरेतून सुटला.’ साहेबांनी नेमकं तेच धरलं. “तुम्हीच लिहून दिलंय, सुटला म्हणून. आता कायम कसं करू तुम्हाला?”

मी फोनवर चिडलो. “ते वाक्य घालायला तुला कोणी सांगितलं होतं?”

“दादा, नगाला चीर गेली तर तू ती लांबीनं बुजवून पाठवायचास का?”

मी आईच्या गुडघ्यांचं विचारलं.

मॉडेल सात महिन्यांत नव्यानं झालं आणि पुढच्या फायलींवर बरं चाललं. मैत्रीण ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर बसायला गेली. पत्र निघालं नाही. पुढची चार वर्षं बहीण त्याच टेबलाशी एकटी जेवली. संध्याकाळी फोन करून मला विचारायची, “आज काय जेवलास?” मी एका शब्दात उत्तर देऊन फोन ठेवायचो. ऑफिसचं काम आणि आई सोडून दिवसभरात तिचं बोलणं तेवढंच असायचं, हे मला फार उशिरा कळलं.

त्या चार वर्षांत तिनं रविवारीही काम धरलं, कॉलेजांच्या गुणपत्रिका तपासायचं. बघून ठेवलेल्या दोन खोल्या कधीच विकल्या गेल्या होत्या. शेवटी दुसरीकडे एकच खोली मिळाली. आईला खुर्चीत बसवून मी आणि शेजारचे तिघं, अशा चौघांनी बहात्तर पायऱ्या खाली आणलं. खुर्चीचा पुढचा एक पाय माझ्याकडे होता. तीनदा टेकलो. बहीण पुढे उलटी चालत होती, आईचे पाय धरून.

आई तिथे अकरा महिने जगली. बहीण अजून राहते, एकटी. कंत्राटावरच्या तेरा वर्षांच्या पगारात एवढं आलं: तळमजल्यावरची एक खोली, दोनशे दहा चौरस फूट, दाराला उंबरा नाही.